निघण्याआधीचा ट्रेक

सन १६७५. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरला निघाला. जुन्नर तेव्हा मोगलांच्या ताब्यात होते आणि तिथल्या अंमलदाराने इंग्रजांकडे वैद्य मागितला होता. कल्याण, मुरबाड करत ही मंडळी सह्याद्रीच्या पायथ्याशी आली आणि तिथेच घोटाळा झाला. नाणेघाटाची रुळलेली वाट बाजूला राहिली आणि फ्रायर आहुप्याच्या घाटाला लागला. खडी चढण, सोबत सामान वाहणारी माणसे आणि अनोळखी रान. धापा टाकत तो आंबेगावच्या मुलखात वर आला आणि तिथून जुन्नरला पोचला. परतताना मात्र तो नाणेघाटाने उतरला. ही वाट त्याला कितीतरी सोपी वाटली. मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांचा तांडा वर येत होता, त्याला वाट देण्यापुरते थांबावे लागले, एवढीच काय ती अडचण.

दोन्ही घाट एकाच कोकणातून निघतात आणि एकाच मुलखात आणून सोडतात. प्रवासीही तोच होता. जाताना दमछाक झाली आणि येताना झाली नाही, याचे कारण पायांच्या ताकदीत नव्हते, माहितीत होते.

फ्रायरकडे नव्हता तो नकाशा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. पहाटे निघालेली गाडी न्याहारीच्या वेळेला पायथ्याला लागते. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा ठेवा म्हणून जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत शिवनेरी आहे. शनिवार-रविवारी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगाला आता पूर्वी कधी नव्हती एवढी वर्दळ असते. त्यातले बरेच जण पहिल्यांदाच डोंगरात आलेले असतात. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असते : ‘एका दिवसाचाच तर ट्रेक आहे!’

या पुस्तिकेची ही प्रस्तावना त्या वाक्यासाठी आहे. हिमालयात जाणारा माणूस सहा महिने आधीपासून तयारीला लागतो, कारण त्याच्या मनात धाक असतो. हडसर किंवा निमगिरीच्या किल्ल्यावर जाणारा आदल्या रात्री उशिरापर्यंत जागतो, सकाळी हाताला लागेल ते पाठपिशवीत कोंबतो आणि निघतो. कडा मात्र किती दिवसांचा बेत आहे हे विचारत नाही. तीनशे फुटांवरून पडणाऱ्याला डोंगराची एकूण उंची किती, याने काही फरक पडत नाही. उलट, मुक्कामाच्या ट्रेकला निघालेल्यांकडे तंबू, गरम कपडे, शिधा असतो. वाट चुकली तर ते रात्र काढू शकतात. एका दिवसासाठी आलेल्यांकडे यातले काहीच नसते. म्हणून छोट्या ट्रेकची तयारी छोटी नसते. भूक लागलेली असताना, ऊन डोक्यावर असताना, सोबतचा मागे राहिलेला असताना माणसाला धड निर्णय घेता येत नाही. ते निर्णय आदल्या दिवशी घरी बसून घेऊन टाकायचे, हीच ती तयारी.

त्यातला पहिला निर्णय परतीच्या वेळेचा.

किती वाजता पोचायचे हे सगळे ठरवतात. किती वाजता मागे फिरायचे हे फार थोडे ठरवतात. जुन्नरच्या भागात डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जेमतेम ११ तासांचा उजेड. जूनमध्ये तो १३ तासांच्या वर जातो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. शिवाय पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग उभी असल्याने तिच्या कुशीतल्या दऱ्यांत सावली लवकर उतरते. पठारावर सोनेरी ऊन असते तेव्हा खालच्या झाडीत पायाखालचा दगड दिसेनासा झालेला असतो.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना आडाखा उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला : दर तीन मैलांना एक तास आणि चढाईच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला एक तास. समजा, जाऊन-येऊन ९ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ४५० मीटरचा आहे. नेस्मिथच्या हिशेबाने अडीच तास होतात. पण हा हिशेब थंड हवेतल्या सरावाच्या माणसाचा. सह्याद्रीतला घसारा, कातळातल्या उंच पायऱ्या, दमट हवा आणि गटातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस धरून त्यात निम्मी भर घालावी. मग जवळपास चार तास होतात. वर गड पाहणे आणि डबा खाणे याला दीड तास. सकाळी आठला निघालेले दीडपर्यंत खाली येतात. अकराला निघालेले साडेचारला येतात. डिसेंबर असेल तर अंधार पडायला उरतो फक्त दीड तास, आणि तेवढ्यात कुणाचा पाय मुरगळला तर उतरणीचा वेळ सहज दुप्पट होतो. घरी बसून केलेली ही दोन मिनिटांची बेरीज पहाटेच्या गजराचे महत्त्व पटवून देते.

एसटीने येणाऱ्यांना हे आपोआप कळते. पश्चिमेकडच्या गावांत जाणाऱ्या गाड्या मोजक्या आणि काही गावांना तर संध्याकाळी येऊन पहाटे परत जाणारी मुक्कामी गाडी हाच मोठा आधार. परतीची गाडी चुकली तर रात्र गावातच. स्वतःचे वाहन घेऊन येणाऱ्यांना असे कुठले वेळापत्रक नसते, म्हणून त्यांनी ते स्वतःला घालून घ्यावे. दुपारचा एक वाजला की माथा दिसत असला तरी मागे फिरायचे, असे निघतानाच सगळ्यांसमक्ष बोलून ठरवावे. मग वर गेल्यावर त्यावर वाद होत नाहीत.

उतरण्याचा विचार आधी का करायचा, हे चावंडवर चांगले समजते. जुन्नरच्या पश्चिमेला असलेल्या या गडाचे शिवकालीन नाव प्रसन्नगड. १५९४ मध्ये निजामशाहीच्या तक्ताचा लहानगा वारस बहादूर याला इथेच कैदेत ठेवले होते. कैद्यासाठी असा गड निवडला जातो तो त्याची वाट अवघड असते म्हणून. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथला मार्ग सुरुंग लावून फोडला. आता धोक्याच्या जागी रेलिंग बसवले आहे. कातळाच्या एका टप्प्यावर एक छोटी तोफ उभी रोवलेली दिसते. तिला धरून पुढच्या पायरीवर पाय टाकता येतो. चढताना हे सगळे मजेचे वाटते, कारण नजर वर असते आणि हात समोर असतात. उतरताना तीच पायरी गुडघ्याच्या खाली कुठेतरी असते, पाय तिला शोधत राहतो आणि नजर थेट दरीत जाते. पहिल्यांदा आलेले बहुतेक जण इथे पाठ कड्याला लावून बसत-घसरत उतरू पाहतात आणि पाठपिशवी कातळाला घासून त्यांनाच पुढे ढकलते. अशा जागी तोंड कातळाकडे करून, शिडी उतरावी तसे उतरायचे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात असे तीन आधार पक्के असल्याखेरीज चौथा हलवायचा नाही. हात मोकळे हवेत म्हणून पाण्याची बाटली, मोबाइल, काठी सगळे आधीच आत टाकलेले असावे. हे चावंडच्या तोफेपाशी शिकण्यापेक्षा पर्वतीच्या नाहीतर घरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर उलटे उतरून पाहणे सोपे.

बुटांचे गणितही इथेच सुटते. तळव्याची नक्षी झिजलेले धावण्याचे बूट कोरड्या कातळावर एकवेळ चालून जातील, पण घसाऱ्यावर आणि शेवाळलेल्या पायरीवर नाहीत. नवे कोरे बूट ट्रेकच्या दिवशी प्रथम घालणे हा फोडांना दिलेला आमंत्रणाचा कागद. आठ-दहा दिवस आधी ते घालून रोज तासभर चालावे. नखे कापलेली असावीत, नाहीतर उतारावर अंगठे बुटाच्या टोकाला धडकून काळेनिळे पडतात. मोज्यांचा एक कोरडा जोड जास्तीचा असावा.

मग पाणी. या मुलखातल्या प्रत्येक गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत. चावंडवर एका ठिकाणी सात टाक्यांचा समूह आहे, शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी प्रसिद्ध आहेत. ‘वर पाणी आहे’ हे वाक्य त्यामुळे सर्रास ऐकू येते. पण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या टाक्यात, हे विचारल्याशिवाय त्या वाक्यावर विसंबू नये. पावसानंतरच्या महिन्यांत तुडुंब असलेले टाके एप्रिलमध्ये हिरव्या चिखलावर आलेले असते. हिवाळ्यात माणशी दोन लिटर आणि उन्हाळ्यात तीन ते चार लिटर पाणी पायथ्यापासूनच पाठीवर घ्यावे. टाक्यातले प्यायची वेळ आलीच तर ते गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, अर्धा तास थांबून मगच प्यावे.

नुसते पाणी पुरत नाही. घामावाटे मीठ जाते आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात. दुकानात मिळणारी ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. नसतील तर घरच्या घरी जलसंजीवनी करता येते : १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. या प्रमाणात अंदाजपंचे मीठ वाढवू नये.

मार्च ते मे या दिवसांत सह्याद्रीचा काळा बेसाल्ट तापतो आणि गवत वाळून गेल्यामुळे पठारावर सावली अशी उरतच नाही. बारा ते तीन या वेळेत उघड्या पठारावर चालायचे नाही, हा नियम गुराखीसुद्धा पाळतात. ज्याचे डोके दुखते आहे, ज्याला मळमळते आहे, त्याला सावलीत बसवून पाणी द्यावे आणि चालणे थांबवावे. पण जो माणूस असंबद्ध बोलू लागला आहे, ज्याचे अंग तापून लाल झाले आहे, त्याला उष्माघात झालेला असू शकतो. त्याचे अंग भिजवून वारा घालावा आणि मदत बोलवावी. अशा वेळी ‘थोडे बसू आणि बघू’ म्हणणे जिवावर बेतते.

उन्हाची भीती सगळ्यांना समजते. पावसातल्या थंडीची समजत नाही. महाराष्ट्रात कुणी गारठून मरू शकते, हेच अनेकांना पटत नाही. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर वाट जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेला एक गट या परिसरात दाट धुक्यात वाट चुकला, पावसात भिजत रानात अडकला आणि त्यातल्या एकाचा थंडीने मृत्यू झाला. तिथे बर्फ पडत नव्हता, तापमान शून्याच्या जवळपासही नव्हते. पण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पटीने जास्त वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. भिजलेली सुती जीन्स आणि टी-शर्ट, माथ्यावरचा भणाणता वारा आणि रिकामे पोट एवढे जमून आले की काही तासांत माणूस थरथरायला लागतो, त्याची जीभ जड होते, तो चालता चालता अडखळतो. आणि थरथर थांबली की लोकांना वाटते बरे वाटले, तेव्हा खरा धोका सुरू झालेला असतो. यावरचा उपाय आदल्या रात्रीच होतो : लवकर वाळणारे कपडे, धड पावसाळी जाकीट, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड व लोकरी टोपी. ती पिशवी उघडावी लागली नाही, तर उत्तम.

पावसाळ्याबद्दल आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. जुन्नर शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस २५-३० किलोमीटर पश्चिमेला घाटमाथ्यावर पडतो. त्यामुळे शहरातले आभाळ पाहून घाटमाथ्यावरच्या घाटघर किंवा आहुपे गावाचा अंदाज बांधता येत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. १५१ माणसे गेली. गावाकडे आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर खबर पोचली. इथल्या लोकांसाठी माळीण हे पर्यटनस्थळ नाही, ती ताजी जखम आहे. आणि पावसात डोंगर पाहायला येणाऱ्याने त्यातून एवढे तरी घ्यावे की सलग काही दिवस मुसळधार झाल्यावर उताराखालची जागा थांबण्याची नसते. जमिनीला नवी भेग, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला ओढा, दगड गडगडल्याचा आवाज यांतले काहीही दिसले-ऐकू आले की त्या उतारापासून बाजूला व्हावे. हवामान खाते पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देते. तो ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे आणि कड्यांवर बंदीचे आदेश काढते, तेही निघण्यापूर्वी पाहावेत. नाणेघाटात खालून येणाऱ्या वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते. ते पाहायला कड्याच्या ओल्या काठावर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की जो वारा पाण्याला उचलतो तो छत्री धरलेल्या माणसालाही हिसका देतो. काठापासून दूर, जमल्यास बसूनच पाहावे.

वाटेविषयी नकाशे जे सांगतात ते अर्धेच असते. जीवधन किल्ल्याच्या जंगलात, दुर्ग-ढाकोबाच्या पठारावर किंवा कोंढवळच्या रानात वाटा दिसतात भरपूर. त्यातल्या निम्म्या ढोरवाटा असतात. गुरे चरत जातात, गवत दाबले जाते आणि कारवीतून झकास पायवाट तयार होते. पाच-दहा मिनिटे ती आत्मविश्वासाने पुढे नेते आणि मग एखाद्या पाणवठ्यापाशी किंवा कड्याच्या टोकाशी विरून जाते. चार बाजूंना डोक्याएवढी कारवी आणि आलेली वाट कोणती हे कळेनासे. खरी वाट ओळखायच्या काही खुणा आहेत. वर्षानुवर्षे माणसांच्या पायांनी घासून दगड गुळगुळीत होतात. वळणावर एकावर एक रचलेले दगड दिसतात. फांद्या माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळ्या असतात. गुरांच्या वाटेवर त्या छातीशीच आडव्या येतात. पाच मिनिटांत यातली एकही खूण दिसली नाही तर पुढे रेटू नये, शेवटच्या खात्रीच्या जागी परत यावे. वाट चुकल्यावर ओढ्याच्या पात्राने खाली उतरण्याचा मोह होतो. सह्याद्रीत ओढे कड्यावरून कोसळतात. तो मोह आवरावा. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा, कारण या गावांत मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते.

आणि सगळ्यांत भरवशाचा नकाशा पायथ्याच्या गावात भेटतो. या पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. हिरडा गोळा करायला, गुरे चारायला, नात्यागोत्यात जायला ही माणसे हेच डोंगर वर्षभर तुडवतात. कोणती वाट यंदाच्या पावसात खचली, कोणत्या टाक्यात पाणी आहे, कुठल्या कड्याला मोहोळ लागले आहे हे त्यांना ताजे माहीत असते. घाटघर असो की आहुपे, एखाद्या मामांना नाहीतर दादांना वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे, मोबदला निघण्याआधीच मोकळेपणाने ठरवावा आणि त्यात घासाघीस करू नये. वाटाड्या घ्यायचा नसला तरी गावातल्या घरी किंवा दुकानात सांगून जावे : आम्ही इतके जण, अमुक वाटेने चाललो, तमुक वाजेपर्यंत येऊ. गाडीचा नंबर आणि एक फोन नंबर देऊन ठेवावा. हीच माहिती घरच्या एका माणसाकडेही असावी. आणि खाली आल्यावर ‘आलो’ म्हणून सांगायला विसरू नये, नाहीतर रात्री लोक कंदील-बॅटऱ्या घेऊन विनाकारण डोंगर चढतात.

मोहोळाचा उल्लेख वर आला. शिवनेरी, लेण्याद्री, जीवधन यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात आणि शिवनेरीवर पर्यटकांवर मधमाश्या तुटून पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. या माश्या उगाच अंगावर येत नाहीत. धूर, उग्र अत्तर, फटाके, भिरकावलेला दगड, आरडाओरडा यांनी त्या खवळतात. म्हणून कड्याखाली चूल पेटवू नये आणि अंगाला सुवास मारून येऊ नये. माश्या आल्याच तर हात झटकू नयेत. तोंड-मान कपड्याने झाकून, पायाखाली पाहत त्या जागेपासून लांब निघावे. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावेत. ज्याला श्वास लागतो, ओठ-डोळे सुजतात, त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

साप दिसणे हा इथे नित्याचा भाग आहे. दगडाखाली हात घालू नये, गवतात काठी आपटत चालावे, बूट घोट्याच्या वर असावेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांच्या दंशावर एकच प्रतिसर्पविष लस चालते आणि ती रुग्णालयातच मिळते. दंश झालेला भाग हलवू नये, फळी किंवा काठी बांधून स्थिर करावा. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे यांनी अपायच होतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार आणि गावोगावी प्रबोधन करत आले आहेत. वेळ न दवडता रुग्णालय गाठा, हा त्या प्रबोधनाचा गाभा आहे. ट्रेकच्या आधी नकाशात किल्ल्यासोबत जवळचे रुग्णालयही शोधून ठेवावे.

बिबट्यांसाठी जुन्नर वनविभाग राज्यभर ओळखला जातो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. ट्रेकरने मात्र बिबट्याची काळजी डोंगरापेक्षा खाली जास्त करावी, कारण तो उसात राहतो. पहाटेच्या काळोखात किंवा दिवेलागणीनंतर उसाच्या बांधाने एकट्यादुकट्याने, तेही मोबाइलमध्ये मान घालून चालणे टाळावे. गटाने, बोलत, बॅटरीच्या उजेडात चालावे. लहान मुलांना मधे ठेवावे.

पाठपिशवीत काय असावे याची तपशीलवार यादी पुढे दिली आहे. इथे फक्त ज्या वस्तू ‘दिवसाच्या ट्रेकला कशाला’ म्हणून घरी राहतात त्या सांगतो. पहिली बॅटरी, तीही डोक्याला लावायची आणि सेल तपासलेली. दुसरी शिट्टी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा जगभरच्या डोंगरांत ओळखला जाणारा संकटाचा इशारा आहे. माणसाचा आवाज अर्ध्या तासात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. तिसरी क्रेप बँडेज आणि स्वतःची रोजची औषधे. चौथा जास्तीचा एक डबा. दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, काकडी यांनी पोट धरून राहते आणि कागदी वेष्टनांचा कचराही होत नाही. दमा, मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून यावे आणि गटातल्या एकाला तरी ते सांगावे.

एखाद्या संस्थेबरोबर जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी काही प्रश्न विचारावेत. किती माणसांमागे किती प्रशिक्षित लीडर आहेत? त्यांना प्रथमोपचार येतो का? हवामान बिघडले तर ट्रेक रद्द होतो का? राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना नोंदणी करावी लागते, ती केली आहे का? शंभर जणांची झुंबड घेऊन जीवधनच्या कातळटप्प्याखाली दोन-दोन तास रांग लावणाऱ्या सहलीत जीव आणि आनंद दोन्ही धोक्यात असतात.

इतके करूनही अपघात होऊ शकतो. तेव्हा आधी बाकीच्यांना सुरक्षित जागी बसवावे, मग जखमीकडे वळावे. पडलेल्या माणसाची मान-पाठ दुखत असेल तर त्याला उचलून उभे करू नये. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यातल्या डोंगरी बचाव पथकांना जोडणारे समन्वय केंद्र उभे राहिले आहे आणि त्यात धावून जाणारे बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, एक पैसा न घेता येतात. फोनवर जागा नेमकी सांगता आली तर त्यांचे तास वाचतात. मोबाइलमधले अक्षांश-रेखांश कसे पाहायचे आणि पाठवायचे, हे गटातल्या दोघांना तरी येत असावे.

आपण ज्या वाटांवर चालणार आहोत त्या कुणाच्या तरी आहेत, याचीही तयारी हवी. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे त्यात कोरलेले आहेत. त्याच्याशेजारी कोळशाने नाव लिहिणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरायला हवा. टाक्यांत पोहू नये, ते पिण्याचे पाणी आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत फोटोसाठी खाचरात उतरू नये. आहुप्याच्या देवराईतून वाळकी काडीही उचलू नये. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले ते शेकरूसाठी, त्याच्या झाडाखाली स्पीकर लावण्यासाठी नाही.

या पुस्तिकेतल्या वाटा सोपीकडून अवघडकडे लावल्या आहेत आणि त्या त्याच क्रमाने कराव्यात. सुरुवात लेण्याद्री आणि शिवनेरी यांनी. दोन्हीकडे बांधीव पायऱ्या आहेत, माणसांची ये-जा आहे, आणि चढताना आपला दम किती टिकतो ते कळते. मग नाणेघाटाचा माथा आणि चावंड. त्यानंतर हडसर आणि निमगिरी. आहुपे आणि कोंढवळ परिसर पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. दुर्ग-ढाकोबा वाटाड्या घेऊनच. जीवधन सगळ्यांत शेवटी ठेवला आहे. तिथे फोडलेल्या पायऱ्यांचा कातळटप्पा आहे, दाट जंगल आहे आणि माथ्यावरून वानरलिंगीचा सुळका पाहायला लोक कड्याच्या अगदी टोकाशी जातात. प्रत्येक वाटेच्या पानावर एक चौकट मोकळी सोडली आहे. त्यात निघण्याच्या आदल्या रात्री पाच गोष्टी पेन्सिलीने लिहाव्यात : निघायची वेळ, मागे फिरायची वेळ, माणशी पाणी, गावात कुणाला सांगणार, जवळचे रुग्णालय. चौकट भरली की पान फाडून गाडीच्या काचेमागे ठेवावे.